केट्रेन : नव्वद वर्षांपूर्वीचा गोचा डाव घरच्या लॅपटॉपवर

जळगाव-भुसावळकडे बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांना इंजिनाची, म्हणजे डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, सवय असते. डाव संपला की फाइल टाकायची, आलेख बघायचा, जिथे रेघ खाली कोसळली तिथे चूक झाली म्हणायचं. गोकडे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा वेढायच्या खेळाकडे, वळताना ते हीच सवय सोबत आणतात आणि केट्रेन हा डाव तपासायचा प्रोग्रॅम उघडून पहिल्याच संध्याकाळी फसतात. दोष केट्रेनचा नाही. जुन्या उस्तादांचे डाव तपासायला फुकटात मिळणारं याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण डाव उघडण्याआधी दोन गोष्टी नीट लावल्या नाहीत, तर ते अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचे आकडे दाखवतं.

आधी हे नेमकं काय आहे ते बघू. कटागो हे डेव्हिड वू यांनी २०१९ पासून खुलं केलेलं गोचं इंजिन. त्याला स्वतःचा चेहरा नाही, ते काळ्या खिडकीत आकडे ओकतं. केट्रेन हा सँडर लँड यांनी त्यावर चढवलेला पट : सोंगट्या, रंगीत ठिपके, आलेख, बटणं. दोन्ही मोफत आणि दोन्हींचा कोड खुला. विंडोजची फाइल उतरवली की कटागो आणि त्याचं एक जाळं, म्हणजे शिकवून तयार केलेला मेंदू, सोबतच येतं, वेगळी जोडणी करावी लागत नाही. मराठी भाषेचा पर्याय नाही, पण बटणं मोजकी आहेत, अडत नाही.

तपासणीसाठी आम्ही घेतला तो डाव १६ ऑक्टोबर १९३३ ला टोकियोत सुरू झाला आणि २९ जानेवारी १९३४ ला संपला. पांढऱ्याकडे शूसाइ, होनिन्बो या गोच्या घराण्याचे प्रमुख आणि त्या काळातले सर्वोच्च गुरू. काळ्याकडे चीनहून आलेला १९ वर्षांचा गो सेइगेन, तेव्हा पाचवा दान, म्हणजे दर्जाच्या पाचव्या पायरीवर. प्रत्येकाला २४ तास. डाव १३ वेळा थांबला, आणि कधी थांबायचं हे ठरवण्याचा अधिकार पांढऱ्याचा होता. थांबताना पुढची खेळी लिहून लिफाफ्यात बंद करायची पद्धतही नव्हती. एकूण २५२ खेळ्या, पांढरा २ गुणांनी जिंकला. काळ्याची पहिली खेळी कोपऱ्यातल्या ३-३ बिंदूवर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघेवर, तिसरी समोरच्या कोपऱ्यात ४-४ वर, आणि पाचवी थेट पटाच्या मध्यावर.

ज्यांनी गो खेळलेला नाही त्यांना या तीन खेळ्यांत काय विशेष ते कळणार नाही. शेताचं उदाहरण घ्या. गोमध्ये जागा कुंपण घालून आपली करायची असते. कोपऱ्यातल्या तुकड्याला दोन बाजूंनी बांध घातला की झालं, उरलेल्या दोन बाजू पटाच्या कडेनेच अडवलेल्या असतात. कडेच्या तुकड्याला तीन बांध लागतात आणि मधल्याला चारही. म्हणून शेकडो वर्षं रिवाज असा की आधी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य. त्यातही ३-३ हा बिंदू होनिन्बो घराण्यात निषिद्ध मानला जायचा. १९ वर्षांच्या मुलाने घराण्याच्या प्रमुखासमोर पहिलीच सोंगटी तिथे ठेवली आणि पाचवी मधोमध. हा डाव आजही का तपासावा, याचं उत्तर एवढ्यातच आहे.

आता कोमी. काळा आधी खेळतो, त्याचा फायदा भरून काढायला आज पांढऱ्याला ६.५ किंवा ७.५ गुण वरून देतात. १९३३ च्या या डावात कोमी नव्हती. गोचा डाव ज्या एसजीएफ फाइलीत साठवतात, तिच्यात ही कोमी ‘केएम’ (KM) या खुणेपुढे चौकटी कंसात लिहितात. जुन्या डावांच्या बऱ्याच फाइलींत ही खूणच नसते, आणि ती नसली की केट्रेन गुपचूप ६.५ धरतं. मग काय होतं? प्रत्येक खेळीला पांढऱ्याच्या खात्यात ६.५ फुकटचे गुण. काळा खरं तर पुढे असताना डाव बरोबरीत दिसतो, आणि बरोबरीत असताना काळा हरताना दिसतो. आलेखाचा आकार तोच राहतो, फक्त सगळा सरकतो, त्यामुळे चूक डोळ्यांना कळतही नाही.

उपाय साधा आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्याच ओळींत केएम शोधा. नसेल तर पटाच्या आकाराची खूण ‘एसझेड’ (SZ) जिथे १९ लिहिलेली आहे, तिच्या शेजारी केएम आणि कंसात ० लिहा. नियमांची खूण ‘आरयू’ (RU), तिथे जपानी (Japanese). जतन करा, मग केट्रेनमध्ये उघडा. चिनी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या फाइलींत कोमीच्या जागी ३.७५ किंवा चक्क ३७५ लिहिलेलं दिसेल. तो चिनी मोजणीतला पावणेचार सोंगट्यांचा हिशोब आहे, आपल्या भाषेत ७.५ गुण. नावांच्या जागी चौकोन आणि विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका. अक्षरांची लिपी वेगळ्या पद्धतीने साठवलेली असते, खेळ्यांना धक्का लागत नाही.

नीट लागलं की नाही याची खात्री करायची युक्ती सांगतो, ही प्रत्येक जुन्या डावाला वापरा. सरळ शेवटच्या खेळीवर जा आणि इंजिनाला थोडा वेळ द्या. निकाल आपल्याला माहीत आहे : पांढरा २ गुणांनी. पडद्यावर पांढऱ्याची आघाडी २ च्या आसपास दिसली तर सगळं जागेवर आहे. ८.५ दिसली तर कोमी ६.५ धरली गेली आहे. १ किंवा ३ दिसली तर नियम चिनी लागले आहेत. चिनी मोजणीत जागा आणि जिवंत सोंगट्या दोन्ही धरतात. पटावर ३६१ बिंदू, विषम संख्या, त्यामुळे कोमी नसेल तर फरक सहसा विषमच येतो, २ येत नाही. एक मिनिटाचं काम आहे, पण हे न करता काढलेला प्रत्येक निष्कर्ष वाया जातो.

दुसरी गोष्ट वेगाची. कटागो एका स्थितीत किती वेळा पुढे डोकावून बघतो त्याला व्हिजिट म्हणतात. केट्रेनचं मूळ सेटिंग खेळीला ५०० व्हिजिटचं असतं. २५२ खेळ्या गुणिले ५०० म्हणजे १,२६,००० व्हिजिट. तुमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि वेग सेकंदाला ३० व्हिजिट असेल, तर पूर्ण डावाला ७० मिनिटं लागतील. छोटं, १० थरांचं जाळं लावून वेग २०० वर गेला तर साडेदहा मिनिटं. छोटं जाळं गुंतागुंतीच्या लढाईत कमी पडतं, पण कुठे थांबून बघायचं हे ठरवायला पुरतं. म्हणून आधी छोट्या जाळ्याने एक फेरी, मग मोठं १८ थरांचं जाळं लावून फक्त निवडक आठ-दहा खेळ्या खोलात, हा क्रम साध्या मशीनवर सगळ्यात किफायतशीर. जाळं बदलायचं म्हणजे सेटिंगमध्ये फाइलीचा पत्ता बदलायचा, बाकी काही नाही.

पहिल्यांदा सुरू करताना पट दिसतो पण आकडे येत नाहीत आणि प्रोग्रॅम अडकला असं वाटतं. बंद करू नका. कटागोची ओपनसीएल आवृत्ती पहिल्या खेपेला तुमच्या ग्राफिक्स चिपला अनुरूप अशी स्वतःची जुळवणी करत असते, त्याला काही मिनिटं लागतात. मध्येच बंद केलं की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मोठं जाळं नव्याने लावलं की हीच जुळवणी परत होऊ शकते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असल्यामुळे आकडे अजिबातच येत नसतील, तर आधी ड्रायव्हर अद्ययावत करा. तरीही नाहीच, तर कटागोची आयगेन नावाची आवृत्ती फक्त प्रोसेसरवर चालते. हळू आहे, पण चालते. गोलाणी मार्केटमधून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवरही एवढं होऊन जातं.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र इथे आडवा येतो. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असताना दुपारी पूर्ण डावाचं विश्लेषण लावलं की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो, आणि सकाळी ७० मिनिटांत होणारं काम किती रेंगाळेल ते सांगता येत नाही. लॅपटॉपची मागची बाजू दोन वह्यांवर उचलून धरा, खालच्या जाळीतली धूळ ब्रशने काढा, आणि मोठं काम पहाटे लावा. चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग कमी करतात. विश्लेषण फाइलीतच जतन करायचं सेटिंग चालू आहे ना ते आधी बघा आणि मधूनमधून जतन करत राहा, म्हणजे वीज गेली तरी तासाभराची मेहनत जात नाही.

आता मूळ काम. केट्रेनमध्ये वरच्या पट्टीवर खुणांच्या चौकटी आहेत : पुढची खेळी, ठिपके, सुचवलेल्या खेळ्या, जाळ्याची अंतःप्रेरणा, आणि अपेक्षित जागा. पहिल्या फेरीत सुचवलेल्या खेळ्या बंदच ठेवा. ठिपके चालू. खेळीने किती गुण गमावले त्यावर ठिपक्याचा रंग ठरतो : १२ च्या वर जांभळा, ६ ते १२ लाल, ३ ते ६ नारिंगी, १.५ ते ३ पिवळा, खाली हिरव्या छटा. बुद्धिबळातून आलेले इथे जिंकण्याच्या टक्केवारीच्या आलेखाकडे बघतात, आणि या डावात तो आलेख जवळपास निरुपयोगी आहे. कोमी नसल्यामुळे काळा पहिल्या खेळीपासूनच साधारण ६ गुणांनी पुढे असतो. जपानी मोजणीत कटागोच्या हिशोबाने रास्त कोमी ६ च आहे. ६ गुणांची आघाडी म्हणजे इंजिनाच्या नजरेत डाव जवळपास जिंकलेला, टक्केवारी वरच्या टोकाला चिकटून बसते आणि दोन-तीन गुणांच्या चुका तिथे दिसतच नाहीत. गुणांचा आलेख बघा. तो ६ पासून सुरू होऊन −२ ला कसा पोचतो, ही या डावाची खरी गोष्ट.

पाचव्या खेळीवर थांबा. मधोमधची सोंगटी इंजिनाला महाग वाटते, ठिपक्याचा रंग ते सांगतो. ३-३ वरही थोडा तोटा दाखवेल. इथे घाईने ‘गो सेइगेनची चूक’ असं लिहून मोकळं होणं हा या साधनाचा सगळ्यात वाईट वापर. गो सेइगेनच्या हातात कोमी नसल्यामुळे आलेली सहा गुणांची पुंजी होती. त्यातले काही त्याने मध्यावर गुंतवले. बदल्यात काय मिळालं? शूसाइंना तोंडपाठ असलेल्या वाटा पहिल्या पाच खेळ्यांतच बंद झाल्या. समोरचा माणूस किती अनोळखी मुलखात शिरला, हे इंजिन मोजत नाही. ते स्वतःशीच खेळून शिकलेलं आहे, त्यामुळे त्याच्या हिशोबात समोरचाही तेवढाच तयारीचा असतो. पांढऱ्याच्या खेळ्यांनाही हेच लागू. सहा गुणांनी मागे असलेला कसलेला खेळाडू मुद्दाम गुंता वाढवतो, एखाद गुणाचा तोटा पत्करून. १.५ च्या आतल्या ठिपक्यांवर या डावात वेळ घालवू नका.

खरा थांबा १६० व्या खेळीचा. पांढऱ्याने काळ्याच्या हद्दीत घुसून केलेली ही खेळी डावाची कलाटणी मानली जाते. डाव मध्ये थांबलेला असताना शूसाइंचे शिष्य माएदा नोबुआकी यांनी ती शोधली, असं गोच्या जगात वर्षानुवर्षं बोललं जातं. तपासायची पद्धत अशी : १५९ व्या खेळीवर या. सगळ्या खुणा बंद करा. पटावर पांढऱ्याच्या तुम्हाला दिसणाऱ्या तीन खेळ्या कागदावर लिहा, प्रत्येकीपुढे अंदाजे गुण लिहा. मग फक्त अंतःप्रेरणेची चौकट उघडा. जाळ्याला पुढचं काही न वाचता, नुसत्या नजरेने कुठे खेळावंसं वाटतं ते ती दाखवते. १६० चा बिंदू त्यात किती फिकट किंवा ठळक आहे ते टिपा. त्यानंतर सुचवलेल्या खेळ्या उघडून १०० व्हिजिटला काय, ५०० ला काय, २००० ला काय, हे वेगवेगळं लिहा. नजरेला न दिसणारी खेळी वाचत गेल्यावर वर चढते, ते चढणं टप्प्याटप्प्याने बघण्यात या प्रोग्रॅमचं सगळं मोल आहे. शेवटी अपेक्षित जागेची चौकट उघडून खेळीआधी आणि खेळीनंतर कुठले बिंदू काळ्याचे पांढरे झाले ते मोजा. का, हे उत्तर केट्रेन शब्दांत कधीच देत नाही. ते या मोजणीतून स्वतः काढावं लागतं.

हीच पद्धत २०१६ च्या मार्चमधल्या सोलच्या सामन्यात, कोरियाचा व्यावसायिक ली सेडोल विरुद्ध गो खेळणारा प्रोग्रॅम अल्फागो, चौथ्या डावाच्या ७८ व्या खेळीवर वापरून बघा. कोमी ७.५, नियम चिनी. पांढऱ्याने, म्हणजे लीने, दोन काळ्या सोंगट्यांच्या मध्ये पाचर मारली. माणूस ती खेळेल ही शक्यता अल्फागोच्या हिशोबात दहा हजारांत एकाहून कमी होती. ७९ ला त्याचं उत्तर चुकलं आणि आपण मागे पडलोय हे त्याला ८७ च्या आसपास उमगलं. पुढच्या काळातल्या विश्लेषणात पाचरीला चोख उत्तर होतं असं निघालं. खेळी ‘चूक’ असूनही डाव जिंकून देते, हे रंगीत ठिपक्यांना सांगता येत नाही, आणि ते त्यांच्याकडून अपेक्षूही नये.

इंजिनाच्या आंधळ्या जागा ठाऊक असाव्यात. कटागो वर्तुळाकार गटांत, म्हणजे एका गटाने दुसऱ्याला पूर्ण वेढा घालून साखळी स्वतःलाच जोडलेली असते तिथे, गट मरतोय हे उशिरा ओळखतो. २०२३ मध्ये एका हौशी खेळाडूने हीच फट वापरून १५ पैकी १४ डाव जिंकले. नंतरच्या जाळ्यांत सुधारणा झाली, तरी असा आकार पटावर दिसला की आकड्यावर विसंबू नका, हाताने वाचा.

कटागोच्या २०२४ मधल्या १.१५ आवृत्तीपासून एक वेगळं, माणसांच्या डावांवर शिकवलेलं जाळं मिळतं. त्याला वर्ष सांगता येतं, १८०० पासून २०२३ पर्यंत. १९३३ द्या, आणि त्या काळातला व्यावसायिक खेळाडू कुठे खेळण्याची शक्यता किती हे ते दाखवतं. जुन्या डावांच्या अभ्यासकांना यासारखी मेजवानी नाही. आजच्या इंजिनाची पहिली पसंती एका बाजूला, त्या वर्षाच्या माणसांची पसंती दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये प्रत्यक्ष खेळलेली खेळी. मधोमधची पाचवी खेळी तेव्हा किती विचित्र वाटली असेल, याचा अंदाज या तिन्हींतून येतो. फाइल वेगळी उतरवावी लागते आणि केट्रेनच्या जुन्या आवृत्त्यांत तिला जागा नाही, तेव्हा नवी आवृत्तीच घ्या.

उणिवा? डाव्या-उजव्या फांद्या वाढल्या की खेळ्यांचं झाड लहान पडद्यावर वाचता येत नाही. टिपणं लिहायची चौकट आखूड आहे. आणि बिंदूंची नावं नवख्याला हमखास गोंधळात टाकतात : पटावर आडवी अक्षरं ए पासून टी पर्यंत, पण मध्ये आय गाळलेला, आकडे खालून वर. फाइलीच्या आत मात्र दोन्ही अक्षरं, वरच्या डाव्या कोपऱ्यातून, आणि तिथे आय धरलेला. म्हणून मध्यबिंदू पटावर के१० आणि फाइलीत जेजे. गो सेइगेनच्या पहिल्या तीन खेळ्या पटावर आर१७, डी४, के१०, आणि फाइलीत क्यूसी, डीपी, जेजे. हाताने फाइल दुरुस्त करणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पडद्याच्या शेजारी खरा पट असलाच पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत. माउस फिरवत खेळ्या सरकवल्या की डोळे बघतात, डोकं बघत नाही. खानदेशात खेळाच्या सामानाच्या दुकानांत कॅरम-बुद्धिबळ मिळतं, गोचा पट मागवावा लागतो, पण सुताराकडून होतो. प्लायवूड ४५.५ बाय ४२.५ सेंटिमीटर, लांबीच्या दिशेने रेघांमध्ये २३.७ मिलिमीटर, रुंदीच्या दिशेने २२. चौरस करू नका. समोर बसून तिरकं बघताना लांबी आखडते, म्हणून ती मुळातच जास्त धरतात. सोंगट्या १८१ काळ्या, १८० पांढऱ्या. कॅरमच्या सोंगट्या चालत नाहीत, त्या ३ सेंटिमीटरच्या असतात आणि एकमेकींवर चढतात. शिवणाच्या सामानाच्या दुकानातली २० ते २२ मिलिमीटरची कोटाची बटणं बरोबर बसतात.

तपासलेला डाव दुसऱ्याला पाठवायचा तर पडद्याचा फोटो नको. जतन केलेली एसजीएफ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका. समोरच्याच्या फोनमध्ये एसजीएफ उघडणारं अ‍ॅप लागेल. केट्रेनचे आकडे बाकीच्या अ‍ॅपमध्ये दिसतीलच असं नाही, म्हणून महत्त्वाचे आकडे खेळीच्या टिपणात हाताने लिहा, आणि पहिल्या टिपणात कोमी, नियम, जाळ्याचं नाव आणि व्हिजिट लिहायला विसरू नका.